बुद्ध्यंक : आकडा आणि त्यामागील मानके

'मूल अभ्यासात मागे पडते' अशी शाळेची चिठ्ठी घेऊन पालक आपल्याकडे येतात. पुढे मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल येतो आणि त्यातील एकच आकडा सर्वांच्या नजरेत भरतो : बुद्ध्यंक ६९. मुलाची शाळा, सवलती आणि घरातील त्याचे स्थानही त्यावर ठरू लागते. म्हणून हा आकडा वाचावा कसा, हे प्रत्येक चिकित्सकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

निव्वळ प्राप्तांक मुका असतो. ६० पैकी ३४ उत्तरे बरोबर आली, एवढ्यावरून काहीच कळत नाही. समवयस्कांच्या प्रातिनिधिक गटाशी ताडून पाहिल्यावरच त्यास अर्थ येतो. या तुलनेच्या कोष्टकांना मानके म्हणतात. बालकाचे वजन आपण वृद्धि-आलेखावर मांडतो, त्यातलाच हा प्रकार.

बुद्ध्यंक काढण्याच्या रीती दोन. पहिली रीत म्हणजे विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये सुचविल्याप्रमाणे मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागणे; त्या भागाकारास १०० ने गुणण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय साडेपाच असेल, तर बुद्ध्यंक ६९. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून दुसरी रीत रूढ केली. तीत मध्यमान १०० आणि प्रमाण विचलन १५ धरतात. येथे ८५ म्हणजे सुमारे सोळावा शतमक, तर ७० म्हणजे सुमारे दुसरा. सोळावा शतमक म्हणजे सोळा टक्के गुण नव्हेत. शंभरांतील सुमारे सोळा समवयस्क त्याच्या खाली आहेत, असा त्याचा अर्थ. पहिल्या रीतीत गुणांचा विस्तार वयानुसार बदलतो. म्हणून दोन्ही रीतींचे आकडे एकाच मापाने वाचू नयेत.

अहवाल हाती येताच तीन प्रश्न विचारावेत.

मानके केव्हाची? १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील सरासरी प्राप्तांक दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखविले. हा वेग सर्वत्र सारखा नाही. परंतु मानके जुनी झाली, की आकडा फुगतो आणि साहाय्यास पात्र असलेले मूल त्यापासून वंचित राहू शकते.

मानके कोणाची? आपल्या बेळगाव परिसराला जवळचे उदाहरण म्हणजे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडात कानडी व मराठी मुलांसाठी सिद्ध केलेली बिने-कामत चाचणी. परदेशी कोष्टके जशीच्या तशी चालणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडील मूल घरी मराठी आणि शाळेत कानडी वा इंग्रजी बोलते. त्याची चाचणी परक्या भाषेत झाली, तर बुद्धीऐवजी भाषापरिचयच मोजला जाण्याची भीती असते.

चूक किती? विश्वसनीयता गुणांक ०.९१ आणि प्रमाण विचलन १५ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते. म्हणजे ६९ हा आकडा, ९५ टक्के विश्वासाने, ६० ते ७८ असा वाचावा. सत्तरची रेषा या पट्ट्याच्या आतच आहे!

यास्तव केवळ आकड्यावरून मुलावर शिक्का मारू नये. श्रवण, दृष्टी व थायरॉइड तपासावे. मूल स्वतः जेवते का, पैसे ओळखते का, शेजारी एकटे जाते का, हे आईला विचारावे. बौद्धिक अक्षमतेच्या निदानास दैनंदिन व्यवहारातील उणीवही तितकीच आवश्यक आहे. रक्ताचा अहवाल रुग्णास पाहूनच आपण वाचतो. तोच विवेक येथेही हवा.