जोडधंद्याची गाडी आणि झोपेची उधारी

शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून चार पैसे जास्त मिळावेत म्हणून भाड्याची गाडी चालवणारे आता गावोगावी दिसतात. सुरत, नाशिक, पुणे अशा शहरांत हे काम मोबाईलवरून चालते. ओलाची सेवा २०१० साली आणि उबरची २०१३ साली भारतात सुरू झाली, तेव्हापासून 'फावल्या वेळात गाडी चालवा आणि कमवा' हा विचार घराघरांत पोचला. आपल्या विसरवाडीसारख्या गावात त्याचे रूप थोडे वेगळे आहे. धुळे-सुरत महामार्ग आणि खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे जाणारा रस्ता जेथे मिळतो, तेथे सवारीला तोटा नसतो. कोणी काळी-पिवळी चालवतो, कोणी कर्ज काढून घेतलेली गाडी संध्याकाळनंतर भाड्याने काढतो. कोणाला आजारी माणसाला सुरतेला न्यायचे असते, कोणाला पहाटेची रेल्वे गाठायची असते. फोन येतो आणि गाडी निघते.

कष्टाने मिळवलेल्या या पैशाविषयी कोणाचीच तक्रार असू नये. प्रश्न एवढाच आहे, की हे जास्तीचे तास येतात कोठून? दिवसाचे तास तर २४च आहेत. शेतीचे काम कमी होत नाही, नोकरीची वेळ कमी होत नाही. मग जे उरते त्यातूनच काटछाट होते, आणि ती बहुधा झोपेतून होते. आजच्या लेखात या झोपेच्या हिशेबाचा विचार करू.

एका दिवसाचा हिशेब

समजा, एक गृहस्थ पहाटे ५ वाजता उठले. गुरांचे आटोपले, शेतावर चक्कर मारली, मग दिवसभर दुकान सांभाळले. संध्याकाळी सुरतेचे भाडे आले. रात्री ९ वाजता विसरवाडी सोडली, नवापूर मागे पडले आणि सोनगडच्या आसपास रात्रीचे १० वाजले. या क्षणी त्यांना जागे राहून १७ तास झाले आहेत. सुरत अजून लांब आहे आणि परतीचा सगळा रस्ता तर पुढेच आहे. मध्यरात्रीनंतर सवारी उतरवून ते माघारी फिरले, तर घरी पोचेपर्यंत पहाटेचे ४ वाजतात. म्हणजे जागरण २३ तासांचे झाले. गाडीवर मात्र ते सातच तास होते, म्हणून ते स्वतः म्हणतात, "सात तास तर गाडी चालवली, त्यात काय एवढे?"

चूक येथेच होते. थकव्याचे घड्याळ गाडीची किल्ली फिरवल्यावर सुरू होत नाही, ते सकाळी डोळे उघडल्यापासून चालू असते. मेंदू जागा असेपर्यंत त्यात ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व झोपेचा दाब वाढवते. हा दाब शेतात काम केल्याने वाढला, दुकानात बसून वाढला की गाडी चालवून वाढला, याच्याशी मेंदूला कर्तव्य नसते.

जागरण आणि दारू

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना एकदा जागे ठेवून आणि एकदा दारू देऊन हात व डोळे यांचा मेळ तपासला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावली होती. २४ तासांच्या जागरणानंतर ती १०० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसासारखी झाली.

आपल्या देशाच्या मोटार वाहन कायद्यात मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे वरील हिशेबातले आपले गृहस्थ सोनगडला पोचतात तेव्हाच, दारूचा थेंबही न घेता, या मर्यादेपलीकडच्या माणसासारखी गाडी चालवत असतात. फरक एवढाच, की दारूचा वास येतो आणि पोलिसांच्या यंत्रात ती सापडते. झोप कोणत्याही यंत्रात फुंकून सापडत नाही.

डुलकीतले अंतर

अतिशय थकलेल्या मेंदूला काही सेकंदांची झोप नकळत लागते. डोळे कधी कधी उघडेच असतात, पण मेंदू रस्ता पाहत नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ६७ मीटर रस्ता चालकाविना गेला. घाटात एवढ्या अंतरात वळण येऊन जाते.

दिवसातून दोन वेळा झोपेचा जोर जास्त असतो. एक दुपारी साधारण २ ते ४, आणि दुसरी रात्री २ ते पहाटे ६. पहाटेच्या वेळी शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि सावधपणाही. कोंडाईबारी घाटात २१ ऑक्टोबर २०२० रोजी मलकापूरहून सुरतेकडे निघालेली खासगी बस पहाटेच्या अंधारात दरीत कोसळली आणि पाच जण दगावले, हे आपल्या भागातील लोक विसरलेले नाहीत. तो अपघात झोपेमुळेच झाला असे येथे म्हणायचे नाही. परंतु घाट, अंधार आणि पहाटेचा प्रहर एकत्र आले, की थकलेल्या चालकाला सावरायला वाव राहत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

नेहमीच्या काही शंका

चहा घेतला की झोप जाते ना? चहा-कॉफीतील कॅफिन झोप पुढे ढकलते, फेडत नाही. त्याचा परिणाम दिसायलाही २० ते ३० मिनिटे लागतात. तोपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते.

काच खाली केली, तोंडावर पाणी मारले, गाणी मोठ्याने लावली तर? काही मिनिटे बरे वाटते, पुन्हा झापड येते. तंबाखू-गुटख्याचेही तसेच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका पदरात पडतो.

सवय झाली की कमी झोप पुरते का? नाही. प्रौढ माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. रोज दोन तास कमी झोपणारा माणूस आठवड्यात १४ तासांचा कर्जदार होतो. काही दिवसांनी त्याला आपण थकलो आहोत हेच जाणवेनासे होते, पण त्याचे हात-डोळे मंदावलेलेच असतात.

कायदा काय सांगतो?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने नोकरीवरील चालकासाठी दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली होती, आणि सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. मोबाईलवरून चालणाऱ्या टॅक्सीसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त काम नको व त्यानंतर १० तास विश्रांती हवी, असे म्हटले होते. हेतू चांगला आहे. पण या मोजणीत फक्त गाडीवरचे तास येतात. त्याआधी शेतात किंवा दुकानात घालवलेल्या दिवसाची नोंद कोणत्याही मोबाईलमध्ये होत नाही. जोडधंदा म्हणून गाडी चालवणाऱ्याला आपली मोजणी आपणच करावी लागते.

त्यातून हप्त्याचा तगादा असतो. मार्च २०१८ मध्ये मुंबईत ओला-उबरच्या चालकांनी संप केला, तेव्हा घटलेली मिळकत आणि कर्जाचे हप्ते हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. मिळकत घटली की माणूस तास वाढवतो. म्हणून गाडीचे कर्ज काढतानाच, रात्रीची भाडी न धरता हप्ता निघतो का, हे पाहून घ्यावे. खासगी नोंदणीच्या गाडीतून परवान्याशिवाय भाडे नेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचीही अडचण येते, हेही विसरू नये.

पाणी, जेवण आणि औषधे

वाटेत थांबावे लागू नये म्हणून पुष्कळ चालक पाणीच कमी पितात. याने लघवीची जळजळ व मूतखड्याचा त्रास वाढतो. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. अशा रुग्णाला पाण्याची कमतरता, थंडी व अतिश्रम यांमुळे असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीची प्रकृती सहसा चांगली असते. आपण रुग्ण आहोत की वाहक, हे ठाऊक नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवले, तर साखर एकदम उतरून गाडीवरच भोवळ येऊ शकते. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी झोप येते, म्हणून ती घेण्यापूर्वी "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना सांगावे. जो मोठ्याने घोरतो, घोरताना ज्याचा श्वास अडकतो आणि पुरेसे झोपूनही जो दिवसा पेंगतो, त्याने तपासणी करून घ्यावी. हा झोपेतील श्वासाचा आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत.

चालकांसाठी नियम

१. सकाळी उठल्याची वेळ लक्षात ठेवावी. त्यानंतर १६ तासांच्या आत गाडी घरी परतली पाहिजे. पहाटे ५ ला उठलात, तर रात्री ९ नंतर स्टिअरिंग हाती घेऊ नये.

२. रात्रीचे भाडे आधी ठरले असेल, तर दुपारी दीड-दोन तास झोपून घ्यावे.

३. जांभया येणे, पापण्या जड होणे, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणे, गाडी पट्टा सोडून सरकणे, यांपैकी एकही खूण दिसली तर पंप किंवा ढाब्यावर सुरक्षित जागी थांबावे. चहा घेऊन लगेच १५ ते २० मिनिटे झोपावे. उठल्यावर पाच-दहा मिनिटे चालून मगच निघावे. हा उपाय फक्त जवळचा मुक्काम गाठण्यापुरता आहे.

४. दर दोन तासांनी उतरावे, पाणी प्यावे, पाठ मोकळी करावी.

५. लांबच्या रात्रीच्या फेरीला दुसरा चालक घ्यावा किंवा मुक्काम करून उजाडल्यावर परतावे. मुक्कामाचा खर्च भाड्यातच धरावा.

घरच्या माणसांचेही काम आहे. "हे एवढे भाडे मारूनच या" असे म्हणण्याऐवजी "सकाळी किती वाजता उठला होतात?" असे विचारावे. सवारीनेही संकोच करू नये. चालक पेंगतो आहे असे दिसले, तर "भाऊ, जरा थांबा, चहा घेऊ" असे स्पष्ट म्हणावे. अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सावकाराचे कर्ज निदान हप्त्याने फेडता येते, वाढवून मागता येते. झोपेचे कर्ज मात्र वसुलीची वेळ स्वतः ठरवते, आणि त्या वेळी गाडीत आपल्यासोबत इतरही माणसे बसलेली असतात. पुढच्या वेळी रात्री फोन आला, तर दर सांगण्याआधी आपले जागरणाचे तास मोजावेत. ते १६ च्या पुढे जाणार असतील, तर "सकाळी येतो" एवढेच उत्तर द्यावे.