बालकाचा श्वास : धोका केव्हा ओळखावा?

मूल आजारी पडले म्हणजे घरातील मंडळींचे लक्ष प्रथम तापाकडे जाते. तापमापकावरील आकडा जसजसा चढतो तसतशी त्यांची काळजी वाढते. परंतु केवळ तापावरून आजाराचे गांभीर्य ठरविता येत नाही. १०३ अंश ताप असलेले मूल ताप थोडा उतरताच खेळू लागते. उलट, ज्याचे अंग जेमतेम कोमट लागते असे मूल न्यूमोनियाने काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते. दोन महिन्यांच्या आतील अर्भक मात्र याला अपवाद होय. त्याला १००.४ अंश किंवा अधिक ताप आला, त्याचे अंग गार पडले अथवा त्याने दूध ओढणे सोडले, तर तेवढ्यावरूनच त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

न्यूमोनियात फुप्फुसांतील वायुकोशांमध्ये द्रव साठतो व फुप्फुसे ताठर होतात. खोल श्वास घेणे कष्टाचे झाल्याने मूल उथळ आणि जलद श्वास घेऊ लागते. पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला या लक्षणांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. श्वासाची गती आणि छातीची हालचाल डोळ्यांनी नीट पाहिली, तर क्ष-किरण यंत्रावाचूनही पुष्कळ काही कळते, हे त्यातून दिसून आले.

श्वास मोजण्यास घड्याळाखेरीज काहीच लागत नाही. मूल शांत असावे. रडताना किंवा दूध पिताना मोजणी करू नये. झोपले असल्यास उत्तमच. अंगावरील कपडा वर सारून पोट व छाती यांच्याकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह टाळावा, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ती गती जलद समजावी. तान्ह्या अर्भकाची मोजणी एकदा पुन्हा करून पाहावी. जलद श्वास असलेल्या मोठ्या मुलाला त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी हवी. दोन महिन्यांच्या आतील मुलाच्या बाबतीत तेवढाही विलंब नको.

ज्यांना आकडे येत नाहीत त्यांनी काय करावे? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी यासाठी एक साधे उपकरण तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांची ओळ असते. दर १० श्वासांना एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनियाचा संशय धरावयाचा. निरक्षर सुईणींनाही ही तपासणी करता यावी, ही त्यामागील कल्पना होती.

मोजणीत वेळ दवडू नये अशीही काही लक्षणे आहेत. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बरगड्यांखाली ठळकपणे खोल जातो. निरोगी मुलात त्या वेळी छाती व पोट दोन्ही फुगतात. नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासागणिक कण्हणे, शांत असतानाही घशातून घरघर ऐकू येणे, ओठ वा जीभ निळसर होणे, हीही तशीच चिन्हे होत. मूल काहीच पिईनासे झाले, पोटात घेतलेले सर्व ओकून टाकू लागले, त्याला झटके आले किंवा हाक मारूनही ते जागे होईना, तर कारण कोणतेही असो, तो तातडीचा प्रसंग समजावा. मग रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

पोट उडते म्हणून मुलाला तापल्या विळ्याने डागण्याची प्रथा देशाच्या काही भागांत अजूनही आढळते. तिने फुप्फुसातील रोग हटत नाही; जखम होते, आणि बहुमोल वेळ जातो.

बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत धापा टाकणाऱ्या मुलाला उभट धरावे व ऊब द्यावी. झटके येत असलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या मुलाला कुशीवर वळवावे. त्याच्या तोंडात चमचा, पाणी वा औषध काहीही घालू नये. श्वास मोजला असल्यास आकडा आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी व तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.