राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय

मुंबईस गेलेली मुले भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातात, पशुपक्षी पाहतात आणि परत येतात. बागेला लागूनच एक जुनी, देखणी इमारत उभी आहे. तिच्याकडे मात्र थोड्यांचीच पावले वळतात. त्या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि त्या इमारतीचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतील हे सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय होय.

या संग्रहालयाचे बालपण फार हालांत गेले. 1855 साली पॅरिस येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून नाना प्रकारच्या कलाकुसरीच्या वस्तू पाठविण्यात आल्या. त्यांच्यासारख्याच दुसऱ्या वस्तू मुंबईत ठेवून घेतल्या गेल्या व त्यांतून हा संग्रह उभा राहिला. कोटातील एका बराकीत तो मांडला होता. इतक्यात 1857 चा उठाव झाला. सैन्याला जागा हवी झाली. बराक तातडीने रिकामी करण्याचा हुकूम सुटला आणि मोठ्या कष्टाने जमविलेल्या वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. त्यांतील पुष्कळ वस्तूंचा नाश झाला. एखाद्या कारागिराने महिनोन्‌महिने खपून कोरलेली पेटी फुटावयास कितीसा वेळ लागणार? जे वाचले ते नगरभवनात नेऊन ठेवले.

आता या संग्रहाला हक्काचे घर हवे होते. त्यासाठी जी मंडळी पुढे झाली त्यांत नाना शंकरशेट होते, डॉ. जॉर्ज बर्डवुड होते आणि डॉ. भाऊ दाजी होते. त्यांनी लोकांकडून वर्गणी जमविली. 1862 साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ते दिवस मुंबईत पैशाच्या पुराचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 साली ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि कालचे लक्षाधीश आज कंगाल झाले. लोकांच्या वर्गणीवर चाललेले बांधकाम रखडले, यात नवल ते काय? अखेर 2 मे 1872 रोजी संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. राणी व तिचे यजमान यांच्या नावांवरून त्याला ‘व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय’ असे नाव देण्यात आले. ते नाव 103 वर्षे टिकले. 1 नोव्हेंबर 1975 रोजी भाऊ दाजींचे नाव त्याला मिळाले.

हे भाऊ दाजी कोण? त्यांचा जन्म 1822 साली गोमंतकात झाला. घरची स्थिती गरिबीची. मातीच्या बाहुल्या विकण्याचा धंदा. मुलगा मात्र विलक्षण बुद्धिमान. बुद्धिबळातील त्याची हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि त्याच्या सांगण्यावरून वडिलांनी मुलाला इंग्रजी शिक्षण दिले, असे सांगतात. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक झाले. गोरगरिबांना ते मोफत औषध देत. महारोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे परिश्रम केले. रोग्यांपासून सवड मिळाली की ते जुने शिलालेख व ताम्रपट वाचीत बसत. 1869 साली ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले. 

आता आत जाऊ या. लोखंडी खांबांवर तोललेले उंच दालन, सोनेरी नक्षी, पायांखाली रंगीत फरश्या. प्रथम डोळे या वैभवावरच खिळतात. येथे धातूंची भांडी, हस्तिदंती व लाकडी कोरीव काम, वस्त्रे, शस्त्रे असे पुष्कळ काही आहे. परंतु माझ्या मते या संग्रहालयाचे खरे धन वरच्या मजल्यावरील लहानलहान मातीच्या आकृतींत आहे. निरनिराळ्या जातिजमातींची आणि धंद्यांची माणसे कारागिरांनी येथे हुबेहूब घडविली आहेत. कोणाचे पागोटे कसे होते, कोण लुगडे कसे नेसत असे, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. राजांच्या तसबिरी पुष्कळ ठिकाणी जपून ठेविलेल्या असतात; रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसाला कपाटात मानाची जागा क्वचितच मिळते.

जुने नकाशे पाहताना तर आपण थक्क होतो. आजची मुंबई एके काळी सात बेटांत विभागलेली होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मध्ये खाड्या व दलदल. 1668 साली इंग्लंडच्या राजाने ही बेटे वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे बांध घालून, भराव टाकून बेटे जोडली गेली. आज जेथे गाड्यांचा खडखडाट चालतो, तेथील पुष्कळ जागी पूर्वी भरतीचे पाणी येत असे.

काळाच्या ओघात ही इमारत जीर्ण झाली, वस्तूंवर धूळ साचली. तेव्हा मुंबई महानगरपालिकेने इतर संस्थांच्या साहाय्याने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. 2005 साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला आणि 2008 साली नूतन रूपात संग्रहालय पुन्हा खुले झाले. तेव्हापासून आजच्या चित्रकारांना व शिल्पकारांना बोलावून, जुन्या संग्रहाच्या शेजारी त्यांच्या नव्या कलाकृती मांडण्याचा उपक्रम येथे झाला आहे. मुलांसाठीही कार्यशाळा भरल्या आहेत. पहिल्या संग्रहाची ती दैना आठवली, म्हणजे एवढ्या निगुतीने चाललेले हे काम पाहून बरे वाटते.

इमारतीबाहेर, उघड्या जागेत, काळ्या पाषाणाचा एक भला मोठा हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. 1814 साली त्याचे डोके व मान गळून पडली. 1864 मध्ये त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. म्हणून तो येथेच राहिला! ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि पन्नास वर्षांनी, 1914 साली, एकमेकांस जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन नीट पाहिले, तर त्याच्या अंगावरचे सांधे अजून दिसतात.