विखुरलेल्या घरांचा सांभाळ

उपासक-उपासिकांनो,

दीक्षेच्या दिवशी मंडप माणसांनी भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी मंडप सुटतो आणि प्रत्येक कुटुंब आपापल्या गावी परतते. आपल्या सटाणा तालुक्याचेच पाहा. आराम आणि मोसम नद्यांच्या काठची गावे, पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरापर्यंत गेलेल्या वाड्या-वस्त्या. कुठे बौद्धांची मोठी वस्ती, तर कुठे दोन-चारच घरे. आजचा पाठ त्या दोन-चार घरांविषयी आहे.

अशा घरात लग्न निघाले की लावायचे कोणी, मयत झाली की पुण्यानुमोदन करायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. माहीतगार माणूस जवळ नसतो. मग कोणीतरी म्हणते, "एवढ्या वेळेपुरते जुन्या रीतीने उरकून घ्या." पुढच्या वेळीही तेच होते. हळूहळू देव्हारा परत येतो आणि बावीस प्रतिज्ञा कागदावर राहतात. दोष त्या घराला देऊ नका. त्या घराकडे कोणी गेले होते का, हे आधी विचारा.

दुसऱ्यांनी काय केले?

हा प्रश्न आपल्याआधी ख्रिस्ती मंडळ्यांपुढे आला होता. नाशिकजवळ शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसली, ती आज शहरातच आली आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. तेथे पुष्कळ ठिकाणी गावात थोडीच ख्रिस्ती घरे होती आणि त्यांतील बरीच आपल्याच समाजातून गेलेली होती. ती टिकली कशी? शाळेचा शिक्षकच उपासना चालवी. उपदेशक ठरलेल्या फेरीने गावोगाव जात. स्त्रियांकडे स्त्रियाच जात. लोकांच्या ओळखीच्या कीर्तनातून धर्म सांगितला जाई. आणि १८४२ साली निघालेले 'ज्ञानोदय' पत्र दूरच्या घरांनाही एकमेकांची वार्ता देई.

प. पू. बाबासाहेबांनी १९५० साली लिहिलेल्या लेखात भिक्खूसंघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून सेवेचा धडा घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. शिक्षण आणि औषधोपचार यांच्या सेवेतून तो धर्म आशियात पसरला, हे त्यांनी पाहिले होते.

मात्र त्यांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. चर्चमध्ये गेल्यावरही अनेकांची जात सुटली नाही. शिवाय मंडळ्या परदेशी पैशावर अवलंबून राहिल्या. ही गोष्ट त्यांच्यातल्याच रेव्हरंड नारायण वामन टिळकांना खटकली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. तेव्हा फेरी आणि सेवा घ्या. पोटजात आणि परावलंबन घेऊ नका.

भगवंतांची शिकवण

आळवी नगरीचा हत्थक हा गृहस्थ होता, भिक्खू नव्हता. तो पाचशे उपासक घेऊन भगवान बुद्धांकडे आला. एवढी मंडळी तू कशी धरून ठेवतोस, असे भगवंतांनी विचारले. त्याने उत्तर दिले की, आपण शिकवलेल्या चार संग्रहवस्तूंनी. त्या अशा:

१. दान. ज्याला मदत हवी त्याला ती देणे.
२. प्रिय वचन. चुकलेल्या घरालाही गोड शब्दाने जवळ करणे.
३. अर्थचर्या. दुसऱ्याच्या हिताचे काम करणे.
४. समानता. सुखदुःखात बरोबरीने वागणे, कोणाला खाली न लेखणे.

यात मोठे विहार लागत नाही, मोठी वर्गणी लागत नाही. हत्थक होण्यासाठी घर सोडावे लागत नाही.

आपण काय करावे?

जवळची पाच-सहा गावे मिळून एक गट करा. पौर्णिमेची वंदना आळीपाळीने एकेका गावात घ्या, आणि जेथे सर्वांत कमी घरे आहेत तेथे आधी घ्या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे घरोघर वाचन ठेवा. प्रत्येक गटात एक उपासक आणि एक उपासिका नामकरण, मंगल परिणय व पुण्यानुमोदन यांचे विधी शिकून तयार असावेत. बाबासाहेबांनी नागपूरला प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार दिला. मग वंदना घेण्यासाठी कोणाची वाट कशाला पाहायची?

सवलती जातील या भीतीने काहीजण धर्म सांगत नाहीत. ही भीती दूर करा. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या आहेत. आदिवासी बंधूंचा अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. जनगणनेत धर्म 'बौद्ध' असाच सांगा.

पैशाचे काय? उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे बाबासाहेबांनी सांगितले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख या कामी मार्गदर्शक आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. मुद्दल खर्चायचे नव्हते, व्याज वापरायचे होते. त्यातील २००० चे दरमहा शेकडा एक प्रमाणे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. गटाचा निधीही असाच बँकेत दोघांच्या सहीने ठेवा आणि हिशोब दर पौर्णिमेला वाचून दाखवा. त्यातून मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध आणि फेरीचे एस. टी. भाडे निघेल.

बंधू-भगिनींनो, १९३५ साली याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेचे वारसदार डोंगराकडेच्या वस्तीतले एकटे घरही आहे. येत्या पौर्णिमेला त्या घरी जा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळ एकटे पडलेले बौद्ध घर कोणते? तेथे आपण शेवटचे केव्हा गेलो?
२. चार संग्रहवस्तूंपैकी आपल्या घरात कोणती कमी पडते?
३. आपल्या घरातील कोण वंदना व विधी शिकण्यास तयार आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!