एका शालीची ऑर्डर : ऑनलाइन दुकान आतून कसे चालते?

संकेतस्थळ तयार झाले, मालाचे फोटो चढले, पहिले गिऱ्हाईकही आले, आणि संध्याकाळी त्याच गिऱ्हाइकाचा फोन : "खात्यातून पैसे गेले, ऑर्डर मात्र दिसत नाही." ऑनलाइन विक्रीकडे वळलेल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ही अडचण हमखास येते. दुकान बांधून देणारा बँकेकडे बोट दाखवतो, बँक दुकानाकडे. दोघेही खोटे बोलत असतात असे नाही. ऑनलाइन दुकान म्हणजे निरनिराळ्या मालकांच्या यंत्रांची जोडणी असते आणि बहुतेक घोटाळे या जोडांवर होतात. ते कसे, हे आपण एका ऑर्डरच्या आधारे पाहू.

समजा, आपली औरंगाबादी हिमरू शालींची पेढी आहे. सुती ताण्यावर रेशमी नक्षीची, हातमागावरची एक खास शाल शिल्लक आहे. एकच नग. हैदराबादचे गिऱ्हाईक मोबाइलवर आपल्या दुकानाचे नाव टाइप करते.

हे नाव म्हणजे डोमेन. ते दर वर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावे लागते. ज्या संगणकावर दुकान ठेवलेले असते तो सर्व्हर; ती भाड्याची जागा समजा. नावावरून जागेचा पत्ता सांगणारी तिसरी व्यवस्था म्हणजे डीएनएस. येथे आमची एकच आग्रहाची सूचना आहे. डोमेन आपल्या स्वतःच्या नावे व आपल्या ईमेलवर नोंदवून घ्या. दुकान बांधून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावे घेतले आणि उद्या त्याच्याशी बिनसले, तर माल आपला, गिऱ्हाईक आपले, आणि पाटी मात्र त्याची, अशी अवस्था होते.

पान उघडले. शालीचा फोटो, किंमत, "१ शिल्लक" ही अक्षरे पानावर कायमची लिहिलेली नसतात. सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेस नावाच्या खतावणीतून ती त्या क्षणी वाचून दाखवतो. मालसाठा, किमती, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते सर्व याच खतावणीत. बाकीचे भाग बिघडले तर बदलता येतात, ही वही गेली तर पेढीच गेली. तिची रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था आहे की नाही, हे आजच विचारून घ्यावे.

गिऱ्हाइकाने पत्ता व पिनकोड भरला. हा सहा आकडी क्रमांक देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी केली, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. पहिला आकडा ४ असेल तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगड. हैदराबादचा ५ ने सुरू होतो. दुकानाचा प्रोग्राम हा पिनकोड कुरिअर कंपनीच्या यंत्राला पाठवून भाडे विचारतो. पत्त्यातील राज्यावरून जीएसटीही ठरतो : माल महाराष्ट्रातच जाणार असेल तर केंद्र व राज्य असे दोन भाग, परराज्यात जाणार असेल तर एकत्रित आयजीएसटी. कुरिअर कंपन्या नुसते वजन पाहत नाहीत, खोक्याचे आकारमानही धरतात. शालीला फरक पडणार नाही. पण चादरी किंवा रजया विकणाऱ्यांनी खोक्याची मापे खतावणीत नीट भरली नाहीत, तर नफा भाड्यातच जातो.

आता पैसे. गिऱ्हाईक आपल्या दुकानातून पेमेंट गेटवेच्या पानावर जाते. कार्डाचा क्रमांक आपल्या हाती लागत नाही आणि लागूही नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला तो साठवून ठेवण्याची रिझर्व्ह बँकेची मनाईच आहे. पैसे भरले की गेटवे दोन वाटांनी निरोप देतो. एक गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवरून, त्याला आपल्या दुकानात परत पाठवून. दुसरा थेट गेटवेच्या संगणकाकडून आपल्या सर्व्हरला. यास वेबहुक म्हणतात. पैसे भरताच मोबाइलची रेंज गेली किंवा गिऱ्हाइकाने पान बंद केले की पहिला निरोप हरवतो. दुकान फक्त पहिल्याच निरोपावर विसंबून असेल तर पैसे आले आणि ऑर्डर नाही, हा सुरुवातीचा प्रसंग ओढवतो.

म्हणून ऑर्डर पक्की व्हावी ती दुसऱ्या निरोपावर. त्यातही तीन गोष्टी तपासल्या गेल्या पाहिजेत. निरोपावर गुप्त किल्लीची सही असते, ती खरी आहे का? रक्कम आपल्या खतावणीतील किमतीइतकी आहे का? आणि हाच निरोप आधी येऊन गेला आहे का? कारण आपल्या सर्व्हरकडून पोच मिळाली नाही की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. भोळा प्रोग्राम त्याच्या दोन ऑर्डरी करतो आणि दोन पार्सले रवाना होतात. व्हॉट्सअॅपवर आलेला "पैसे भरले" असा फोटो मात्र कोणत्याही परिस्थितीत पुरावा धरू नये. असे फोटो बनवणे पोरखेळ आहे.

शाल एकच आहे. त्याच मिनिटाला पुण्याच्या गिऱ्हाइकानेही "विकत घ्या" दाबले तर? चांगले दुकान पैसे भरण्यास निघालेल्या पहिल्या गिऱ्हाइकासाठी तो नग दहा-पंधरा मिनिटे राखून ठेवते, पैसे न आल्यास पुन्हा मोकळा करते. ही तजवीज असूनही एक नग दोघांना विकला जातो, त्याचे कारण बहुधा संगणकात नसते. दुकानात बसलेल्या मुलाने ती शाल समोरच्या गिऱ्हाइकाला रोखीने दिलेली असते आणि खतावणीत नोंद केलेली नसते. गल्ल्यावरची विक्रीही त्याच खतावणीत, तेव्हाच्या तेव्हा गेली पाहिजे. हातमागाची दुसरी शाल चार तासांत विणून होत नाही, आणि बिरादरीबाहेरच्या, कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकापुढे आपली पत तेवढ्या एका पार्सलवरच अवलंबून असते.

अडकलेल्या पैशांचे दोन प्रकार आहेत, ते वेगळे ओळखावेत. गेटवेच्या हिशेबात रक्कम जमा दिसत असेल तर ती आपल्याकडे आली आहे. माल पाठवा, नाहीतर परतावा द्या. ती आपोआप परत जाणार नाही. गेटवेकडे पुष्टीच पोहोचली नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआय असो वा ऑनलाइन कार्ड, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आले तर निम्मे भांडण मिटते.

शेवटी रोजमेळ. ३,००० रुपयांची शाल विकली तरी बँकेत ३,००० येत नाहीत. गेटवेचे शुल्क समजा २ टक्के, म्हणजे ६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १० रुपये ८० पैसे. हाती २,९२९ रुपये २० पैसे, तेही सहसा दोन-तीन कामकाजी दिवसांनी आणि इतर ऑर्डरींच्या रकमेत मिसळून. म्हणून दुकानाच्या ऑर्डरी, गेटवेचा अहवाल आणि बँकेचा उतारा हे तिन्ही समोर ठेवून ऑर्डर क्रमांकाने टिकल्या कराव्यात. पहिल्यात नाही पण दुसऱ्यात आहे अशी नोंद सापडली, की ते हैदराबादचे गिऱ्हाईक फोन करण्याआधी आपण त्याला फोन करू शकतो.