बारच्या लॉनवरचा डीजे: तक्रार रायपूर नगर निगमाच्या सभेपर्यंत अशी न्या

शेजारच्या बारच्या लॉनवर डीजे लागला की घरात कुणाला झोप लागत नाही ना? चला, बसा टेबलाशी. वही, मोबाइल, कोरे कागद आणि साथ देणारे चार-सहा शेजारी एवढं पुरे. क्रम मात्र मोडायचा नाही.

1. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ वहीत लिहा. दोन आठवडे लिहीत राहा. ‘रोजच चालतं’ असं मोघम लिहिलंत तर कुणी दखल घेणार नाही.

2. मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप घेऊन खिडकीत आवाज मोजा. रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागाची मर्यादा 45 डेसिबल, व्यावसायिक भागाची 55. ॲपचा आकडा तुमच्या अंदाजापुरता. पक्का पुरावा म्हणून तो पुढे करू नका.

3. घरातूनच छोटा व्हिडिओ काढा. बारमध्ये शिरून चित्रीकरण नको, वाद पेटतो.

4. रात्री 10 नंतरही आवाज चालू असेल तर लगेच 112 ला फोन लावा. त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई आहे. सकाळी फोन केलात तर पोलिसांना तिथे शांत लॉनच दिसेल.

5. फोन केल्याची वेळ वहीत टिपा. उद्यावर टाकलंत की विसरलात.

6. एक पानी अर्ज हिंदीत लिहा, कारण रायपूरच्या कचेऱ्यांत काम हिंदीतच चालतं. ‘बार बंद करा’ असं मागू नका, तिथे लोकांची पोटं आहेत. नेमकं मागा: बाहेरचं संगीत 10 ला बंद, स्पीकरची तोंडं वस्तीकडे नकोत, कार्यक्रमाची परवानगी दारावर लावलेली हवी.

7. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. नुसती सही नको. पूर्ण नाव आणि पत्ताही हवा.

8. अर्जाच्या पाच प्रती काढा: कलेक्टर, आबकारी विभाग, पर्यावरण संरक्षण मंडळ, निगमाचं झोन कार्यालय आणि एक तुमची. वहीच्या पानांची झेरॉक्स प्रत्येकीला जोडा, मूळ वही कुणाला देऊ नका.

9. चारही ठिकाणी अर्ज स्वतः नेऊन द्या. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

10. शिक्के असलेली प्रत घेऊन पार्षदांना भेटा. निगमात 70 वॉर्ड आहेत. बार शेजारच्या वॉर्डात असेल तर तिथल्या पार्षदांनाही भेटा.

11. सामान्य सभेत हा प्रश्न लेखी मांडायची विनंती करा. सभेची तारीख आधी विचारा, मुदत उलटली तर पुढच्या सभेपर्यंत थांबावं लागेल.

12. उत्तर आलं नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्या बारच्या कार्यक्रमांना दिलेल्या परवानग्यांच्या प्रतीच मागा. ‘का दिल्या’ असं विचारलंत तर अर्ज अडकतो. उत्तराची मुदत 30 दिवस.

कार्यक्रम होऊ देत, लोकांनी मजाही करावी. पण परीक्षेला बसलेल्या मुलाची आणि आजारी आजीची झोप नियमात बसलीच पाहिजे, आणि ती बसवून घेणं तुम्हाला जमण्यासारखं आहे. आज रात्रीच वहीचं पहिलं पान भरा.