पुराचा धोका, नकाशा आणि विमा : तापीकाठच्या बागायतदारांसाठी



रावेर तालुक्यात केळीचा विमा बहुतेक बागायतदार उतरवितात. परंतु पुराचे पाणी बागेत, पंपघरात किंवा पॅकहाऊसमध्ये शिरले तर काय, हा प्रश्न विचारला की घोटाळा लक्षात येतो. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत आंबिया बहारातील केळीला कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट या धोक्यांसाठी संरक्षण दिले गेले आहे. पूर त्यात नाही. घर, गोदाम, पंपघर, रायपनिंग चेंबर व त्यांतील यंत्रसामग्री यांचा विमा वेगळा असतो आणि त्यात पुराचे संरक्षण मिळू शकते. तो उतरविण्यापूर्वी आपल्या जागेला धोका किती, हे नकाशावरून पाहणे आता आपल्या आवाक्यात आले आहे.

पूर कोणत्या जातीचा?

आपल्याकडे पूर दोन जातींचा येतो. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला की सुकी, भोकर, नागझिरी या नद्या काही तासांत फुगतात आणि तितक्याच लवकर उतरतात. तापीचा पूर वेगळा. मध्य प्रदेशात मुलताईपासून बऱ्हाणपूरपर्यंत पडलेला पाऊस खाली येतो, चांगदेवजवळ पूर्णा मिळते आणि पुढे हतनूर धरणाचा फुगवटा असतो. सप्टेंबर 2023 मध्ये या धरणाचे सर्व 41 दरवाजे उघडावे लागले होते. फुगवट्याचे पाणी काळ्या जमिनीत साचून राहते. केळीच्या उथळ मुळांना हवा मिळत नाही आणि पंपाची मोटार गाळाने भरते.

हतनूरची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 214 मीटर आहे. त्यावरून “माझे शेत 215 मीटरवर, म्हणजे मी सुरक्षित” असा हिशेब काही जण मांडतात. तो चुकीचा आहे. पूर वाहत असताना पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. धरणापासून वरच्या बाजूला, ऐनपूर-निंबोलकडे, तो चढत जातो. त्यात जलाशयात साचलेला गाळ विचारात घेतला तर वडीलधाऱ्यांच्या काळातील पूरखूण हीच कमाल पातळी, असेही धरून चालता येत नाही.

नकाशे काय सांगतात, काय सांगत नाहीत

प्रथम गाव नकाशावर आपला गट नंबर निश्चित करावा. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर तीच जागा शोधावी. तेथे उपग्रहावरून तयार केलेला उंचसखलपणाचा नकाशा पाहता येतो. मात्र अशा नकाशातील उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि आपल्या पंपघराचे भवितव्य तर एका हाताच्या उंचीवर ठरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशातही समोच्च रेषांमधील अंतर साधारण 20 मीटर असते. म्हणून या नकाशांवरून सखल पट्टा ओळखावा, उंबरठ्याची उंची ठरवू नये.

रडार उपग्रह ढगांतूनही पाणी टिपतो. संथ पाणी चित्रात काळे दिसते. पण तो रोज आपल्यावरून जात नाही. सुकीचा पूर रात्री येऊन सकाळी ओसरला तर चित्रात काहीच उमटत नाही. शिवाय दाट केळीच्या पानांखाली साचलेले पाणी या रडारला बहुधा दिसत नाही. त्यामुळे चित्रात बाग कोरडी दिसली म्हणून ती कोरडी होती, असे कोणी म्हणत असल्यास ते मान्य करू नये.

सर्वांत उपयुक्त नकाशा जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा. निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपल्या नदीभागाची आखणी झाली आहे का, याची चौकशी विभागाच्या कार्यालयात करावी. “25 वर्षांतून एकदा” म्हणजे एकदा आला की 24 वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी ती शक्यता 4 टक्के असते आणि दहा वर्षांत निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश भरते.

उंबरठा मोजा

गावातील माहितीची पूरखूण, मग ती देवळाची पायरी असो की पुलाचा कठडा, आधार धरून तेथून आपल्या पंपघराच्या व गोदामाच्या जोत्यापर्यंत पातळी काढून घ्यावी. थोड्या अंतरासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. लांब अंतर असल्यास सर्व्हेअरकडून लेव्हल यंत्राने मोजावे. समजा, जोते निळ्या रेषेच्या पातळीवर आहे आणि तेवढ्या पुरात 3 लाख रुपयांचे नुकसान होईल. मग 4 टक्क्यांनी सरासरी वार्षिक धोका 12,000 रुपये होतो. मागितलेला हप्ता या आकड्याशी ताडून पाहावा.

1 एप्रिल 2021 पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि 5 कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आहेत. दोन्हींत पुराचा समावेश असतो; उभे पीक मात्र त्यांत येत नाही. हप्ता वाचविण्यासाठी गोदामातील यंत्रांची किंमत बरीच कमी लिहिली तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते. बांधकाम कच्चे असल्यास तसेच लिहावे.

मोजलेली पातळी, गट नंबर, नकाशाची छापील प्रत आणि जोत्याचे व यंत्रांचे तारखेसह फोटो एका फाईलमध्ये लावून ती शेतावर न ठेवता गावातील घरी ठेवावी. हे काम मे महिन्यातच उरकावे. स्टार्टर व विजेची पेटी पूरखुणेच्या वर चढवून बसविली असल्यास तेही विमा कंपनीला लेखी कळवावे व पोच घ्यावी.